पसंत नाही

सिंधुअक्कांना जगात फार थोड्या गोष्टी पसंत पडत, आणि त्यातल्या बहुतेक मेलेल्या माणसांनी गायलेल्या होत्या. जिवंत माणूस सुरात असू शकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा संगीताचा वर्ग चाले. तिथे मुलींच्या आया फाटकाशीच चपला काढून, आवाज खाली करून आत येत, कारण अक्का नुसत्या बोलण्यातलाही सूर पकडत. "तुम्ही बोलता पांढरी चारमध्ये, पोरगी ओरडते काळी पाचमध्ये, एका घरात राहता कशा?" असं त्यांनी एका आईला तोंडावर विचारलं होतं. त्या बाईने मुलगी काढून दुसऱ्या वर्गात घातली. अक्कांना तिळमात्र वाईट वाटलं नाही. दुसऱ्या वर्गात सिनेमाची गाणी शिकवत, आणि गाढवाला गुळाची चव काय असणार?

लग्न त्यांनी केलं नाही. पाहायला आलेल्यांपैकी एक जण नाकात गुणगुणत होता. एकाने पेटीला 'बाजा' म्हटलं. एक खरोखर चांगला होता, पण त्याच्या वडिलांना लावणी आवडायची, आणि असलं रक्तात उतरतं असं अक्कांचं मत पडलं. पुढे वहिनी वारली, भावाचं पोर लहान होतं, तेव्हा अक्का भावाच्या घरात कायमच्या राहिल्या. भाऊ रामलिंग म्हणजे गरीब गाय, आणि पोरगा उमाशंकर त्याहून गरीब. दोघांना अक्कांनी वाढवलं असं गल्लीत म्हणत. त्यात भावाचाही नंबर लागतो हे कोणाला खटकत नसे, भावालाही नाही.

उमाशंकर आता तिशी ओलांडून चांगला पुढे सरकला होता. एका खाजगी कॉलेजात तो ग्रंथपाल होता, पगार बेताचा, स्वभाव पुस्तकाच्या कपाटासारखा, उघडलं तर उघडणारा. एके काळी मुलाकडचे लोक पाय पसरून पसंती कळवत आणि मुलीचा बाप देव पाण्यात घालून बसे. आता वारं फिरलं होतं. मुलींना पुण्याचा पाहिजे, नाहीतर सरकारी पाहिजे. उमाशंकरला पाहून गेलेल्या कैक घरांनी नंतर फोनसुद्धा उचलला नव्हता. त्यामुळे मुखेडच्या बालाजीरावांनी आपली मुलगी राजकन्या दाखवायची तयारी दाखवली, तेव्हा रामलिंगने गुपचूप नारळ फोडला.

राजकन्या नांदेडच्या डेपोत कंडक्टर होती. बी. ए. झालेली, सावळी, बोलायला मोकळी. पाहायला गेले त्या दिवशी तिने चहा दिला तो वाकून नव्हे, तर गर्दीतून पुढे जाणाऱ्या माणसाला वाट करून द्यावी तसा हात लांब करून दिला. उमाशंकरने तिच्याकडे दोनदा पाहिलं. घरी आला तो रोज दाढी करू लागला. रामलिंगने हे ओळखलं. अक्कांनीही ओळखलं, आणि "कंडक्टर!" एवढाच एक शब्द स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकू जाईल असा म्हणून त्या गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणजे त्यांनी होकार दिला, असा त्या घरातला कायदा होता.

खरा घोटाळा चंद्रप्पाने केला. हा चंद्रप्पा विम्याचा एजंट, आणि विमा खपेना म्हणून सोयरिकी जुळवणारा. त्याच्या डोक्यात एक नवी टूम होती. "पत्रिका म्हंजे छापील थाप," तो म्हणाला. "माणूस खोटं बोलल, पत्रिका खोटी बोलल, पण आवडतं गाणं खोटं बोलत न्हाई. दोन्ही घरचे एका ग्रुपवर येऊ. रोज एकानं आपल्या आवडीचं एक गाणं टाकायचं. भजन असो, गझल असो, डीजे असो, जे मनाला भिडतं ते. महिनाभरात घराला घर कळतं." त्याने लागलीच ग्रुप केला आणि नाव ठेवलं, 'सूर जुळले लातूर मुखेड'.

"अजून पेटी उघडली नाही आणि सूर जुळले!" अक्का म्हणाल्या. पण त्या ग्रुपवर राहिल्या. नसत्या राहिल्या तर इतकी तुच्छता वाया गेली असती.

पहिल्या दिवशी चंद्रप्पानेच गाणं टाकलं. शंभूमहादेवाची आरती, आणि तिच्याखाली ढोलताशे, इलेक्ट्रिक गिटार आणि मध्येच कोणीतरी इंग्रजीत "कमॉन" म्हणत होतं. अक्कांनी ते आवाज बारीक करून, फोन हातभर लांब धरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बालाजीरावांनी तेलुगू सिनेमातलं गाणं टाकलं. ते मळणीयंत्र घेऊन हंगामात पार निजामाबादेपर्यंत जात, तिकडे हे कानावर पडलेलं. खाली त्यांनी लिहिलं, 'अर्थ म्हाईत न्हाई पण अंगावर काटा येतो.' अर्थ माहीत नसताना काटा येतो तो थंडीचा, असं अक्का रामलिंगला म्हणाल्या. नंतर राजकन्येच्या आईने, कावेरीबाईंनी, गौरीच्या वेळचं बायकांचं फेराचं गाणं टाकलं, शेजारणीच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. त्यात मध्येच कुकरची शिट्टी होती. अख्ख्या गाण्यात तेवढीच काय ती सुरात होती.

नांदेडच्या श्रीमंतमामांचं तर विचारूच नका. हे कावेरीबाईंचे भाऊ, राजकन्या नोकरीपायी त्यांच्याकडेच राहायची. मामांना कव्वालीचा शौक. त्यांनी टाकलेली कव्वाली इतकी लांब होती की रामलिंग ऐकता ऐकता झोपला आणि उठला तरी तीच ओळ चालू होती. अक्कांनी प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक खोली दिली होती. चंद्रप्पा तळघरात, बालाजीराव गोठ्यात, मामा दर्ग्याबाहेर. वर माडीवर त्या एकट्या बसल्या होत्या, आणि तिथे हवा फार छान होती.

उमाशंकरची पाळी आली तेव्हा तो फोन घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ गेला. अक्का मागून आल्या.

"काय टाकतोयस?"

"बघतोय."

"बघायचं काय त्यात?" त्यांनी फोन हातातून घेतला. "एकदा कळू दे त्यांना, कुठल्या घरात पोरगी देणार आहेत." आणि त्यांनी त्याच्या नावाने एक विलंबित ख्याल टाकला, पाऊण तासाचा, अशा गवयाचा की ज्याचं नाव मुखेडात कोणी ऐकलं असेल तर ते चुकून. खाली लिहिलं, 'माझे सर्वांत आवडते.' उमाशंकर म्हणाला, "चालेल." तो हे इतक्यांदा म्हणे की अक्कांना त्याचा अर्थ 'आवडलं' असाच वाटत आला होता.

मुखेडवाल्यांचे अंगठे मिनिटाच्या आत आले. पाऊण तासाची चीज मिनिटात ऐकणाऱ्या लोकांची अक्कांना कीव आली. संध्याकाळी मात्र राजकन्येचा मेसेज आला. 'डेपोत बसून ऐकून राहिले. छान हाय. पण सुरू कधी होतं?'

उमाशंकर हसला. अक्कांनी मान वळवली तसं त्याने हसण्याचा खोकला केला.

दुसऱ्या दिवशी राजकन्येची पाळी होती. तिने जे टाकलं त्याला गाणं म्हणायला अक्का आजही तयार नाहीत. वरातीतलं डीजेचं गाणं, हलगीच्या ठेक्यावर चढवलेलं. एक माणूस कर्कश ओरडतोय, मागे एक बाई हसतेय, आणि दर थोड्या वेळाने तो डीजेवाला स्वतःचं नाव, गावासकट, घुमवून घुमवून सांगतोय. शेवटी हॉर्न. अक्कांनी ते पुरतं ऐकलं, कारण शिव्या द्यायच्या तर पुरत्या माहितीनिशी द्याव्यात असा त्यांचा बाणा होता. संपेपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं. आजवर मनात साठवलेलं सगळं, ती आरती, तो काटा, तो कुकर, एकदम वर आलं. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला घेतलं.

अक्कांचं एक बोट चालत होतं तेवढ्या वेळात तिकडे मुखेडात बालाजीरावांची दहा बोटं चालली. त्यांचं घरात ठरलं होतं. मुलगा बरा आहे, खालमानेचा आहे, पोरगी नाही म्हणत नाही. त्यांनी रीतसर ग्रुपवरच लिहिलं, 'रामलिंगअण्णा, आमच्याकडून होकार हाय. मुलीबद्दल तुमची पसंती कळवावी.'

आणि त्याच्या बरोब्बर खाली अक्कांचा मेसेज जाऊन पडला. 'पसंत नाही. दर्जा नाही. असलं आमच्या घरात चालत नाही.'

अक्कांनी फोन चार्जिंगला लावला आणि त्या खाली वर्गात जाऊन मुलींकडून भूप घोटून घ्यायला बसल्या. मन कसं स्वच्छ झालं होतं.

वर्ग सुटायच्या आधीच चंद्रप्पा धापा टाकत दारात आला. "अक्का, हे काय करून बसलात! पसंती मागितली त्यांनी, तुम्ही असं तोंडावर? कावेरीबाई ग्रुप सोडून गेल्या, मामा गेले, बालाजीराव फोन उचलून न्हाई राहिले!"

"कसली पसंती? मी त्या गाण्याला म्हटलं."

"गाण्याला?" चंद्रप्पा मटकन खाली बसला. "गाण्याला कोण पसंत न्हाई म्हणतं, अक्का? आपल्याकडं पसंत न्हाई हे एकाच गोष्टीला म्हणत्यात!"

खरं होतं ते. या मुलखात भाजी आवडते, सिनेमा आवडतो, साडीसुद्धा एक वेळ आवडते, पण पसंत पडते ती मुलगी. आणि ती पसंत नाही हे वाक्य सहसा असं ढळढळीत कोणी बोलतही नाही. 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. अक्कांनी ते तीन वाक्यांत, दर्जासकट, सगळ्या घराण्यादेखत कळवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रात्री जेवताना रामलिंग आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडला. ओरडणं त्याला जमलं नाही, आवाज फाटला, ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पण म्हणायचं ते त्याने म्हटलं. "उद्या नांदेडला जायचं, पोरीच्या मामाकडं. खुलासा करायचा. माझ्या पोराचं हे शेवटचं बरं स्थळ हाय सिंधू, हे मोडलं तर मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

उमाशंकर भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. "आत्या," तो म्हणाला, "खरंच गाण्यालाच म्हटलं होतंस ना?"

"मग काय मुलीला? मी काय रानटी आहे?"

"चालेल," तो म्हणाला आणि उठला. ताटात भाकरी तशीच होती.

नांदेडला मामांच्या घरी सगळे जमले होते. चंद्रप्पाने रात्रभर फोन करून बालाजीरावांकडून एवढं तरी कबूल करून घेतलं होतं, की ऐकून घेऊ, मग काय ते. लातूरहून रामलिंगची जुनी गाडी उमाशंकर चालवत आला. वाटभर अक्का माफीची तालीम करत होत्या. माफी त्यांनी कधी मागितलेली नव्हती, त्यामुळे ती नेमकी कुठल्या पट्टीत मागायची हेच त्यांना ठरवता येईना.

मामांच्या बैठकीत काचेच्या कपाटात प्लास्टिकचा छोटा ताजमहाल होता, तो लावला की रंग बदलत असे, आणि तो लावलेला होता. अक्कांनी त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा निवडली. बालाजीराव समोर, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते मोठ्या अंगाचे होते, पण आज लहान दिसत होते. कावेरीबाई पदराने उगाचच टीपॉय पुसत होत्या. राजकन्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, अंगावर ड्युटीचा खाकी शर्ट. तिला दुपारची फेरी होती.

"मी जे लिहिलं," अक्का म्हणाल्या, "ते गाण्याला उद्देशून होतं. मुलीला उद्देशून नव्हतं. गैरसमज झाला त्याबद्दल मला खेद आहे." इथे थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण खोटं राहून जाईल या भीतीने त्या पुढे म्हणाल्या, "गाणं मात्र खरोखर दर्जाहीन होतं."

रामलिंगने टीपॉयखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

बालाजीरावांनी गुडघ्यांवरचे हात उचलले. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "पोरगी पसंत हाय?"

"हाव!" रामलिंग जवळजवळ उठून उभा राहिला. "पहिल्या दिवसापासून! पोराला तर इचारूच नका."

"मग तसं लिवायचं ना बाई!" बालाजीरावांच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की कावेरीबाई हसल्या, त्या हसल्या म्हणून मामा हसले, आणि चंद्रप्पा तर असा हसला की जणू हे सगळं त्यानेच घडवून आणलं होतं. "बघा, म्हणलो न्हवतो? गाणं खोटं बोलत न्हाई! मामा, पेढे काढा." मामांनी डबा काढला. अक्कांना वाटलं, चला, आटोपलं. या लोकांचं रागावणंसुद्धा बेताल असतं, आणि हसणंसुद्धा.

"मामा, जरा थांबा," राजकन्या म्हणाली. "पेढे नका उघडू."

सगळे तिच्याकडे वळले.

"अक्कांनी गाण्यालाच म्हणलं हे मला तेव्हाच कळलं होतं."

"आगं मग सांगितलं कामून न्हाईस?" बालाजीराव म्हणाले. "काल मी जेवलो न्हाई तुझ्यापायी!"

"कारण मीबी इचार करून राहिले होते, अण्णा." ती अक्कांकडे वळली. आवाजात राग नव्हता. "ते गाणं भंगार हाय. मला काय ठाऊक न्हाई? भंगार हाय न् मला लई आवडतं. दिवसभर लोकांची कटकट ऐकून गाडी डेपोला लागली की मी ते लावते, डोस्कं मोकळं होतं. तुम्हाला न्हाई आवडलं, तुम्ही म्हणलात. ठीक हाय. तुमचं मला कळलं. चंद्रप्पाकाका म्हणले तसं, घराला घर कळलं." मग ती उमाशंकरकडे वळली. "मला ह्यांचं कळलं न्हाई. तुम्ही टाकलेलं गाणं मी पुरतं ऐकलं, दोन फेऱ्या लागल्या मला. त्यातलं तुम्हाला काय आवडतं?"

उमाशंकरने तोंड उघडलं. आणि त्याने आत्याकडे पाहिलं. डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ, पण पाहिलं.

अक्कांचा शिकवण्याचा हात जुना. विद्यार्थी अडला की त्यांना गप्प बसवत नसे. "त्यातली बढत," त्या म्हणाल्या. "रागाची बढत."

"मी त्यांना इचारलं, अक्का."

खोलीत ताजमहाल तेवढा हिरव्याचा जांभळा झाला.

"ते जाऊ द्या," राजकन्या म्हणाली, आणि आता ती थोडं पुढे झुकली होती, आवाज मऊ झाला होता. त्याने सांगावं असं तिला मनापासून वाटत होतं, हे अक्कांनाही दिसलं. "दुसरं कोणतंबी सांगा. तुमच्या आवडीचं. भंगार असलं तरी चालल. मी हसणार न्हाई."

उमाशंकरच्या कपाळावर घाम आला. त्याने राजकन्येकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा एकदा, नको तिथे, आत्याकडे. "मला," तो म्हणाला, "मला तसं सगळंच चालतं."

राजकन्या मागे टेकली.

"गाडीत कोणी चढलं की मी इचारते, कुठं जायचं," ती म्हणाली. "म्हातारं असो, अडाणी असो, जो तो सांगतो. मुखेड, नायगाव, जे असल ते. पण एखादा असतो, तो शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो. त्याला मी काय तिकीट देऊ?" तिने ड्युटीची बॅग उचलली. "अण्णा, राग नका धरू. माणूस वाईट हाय असं मी न्हाई म्हणत. पण मला पसंत न्हाई."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, ही गाडी तिकडे जात नाही असं सांगावं तसं, की कोणाला भांडायला जागाच सापडली नाही. सगळ्यांच्या पाया पडून, अक्कांच्याही, ती ड्युटीवर गेली. मामांनी पेढ्यांचा डबा झाकला.

चंद्रप्पा नांदेडलाच राहिला. त्याच्या खिशात आणखी एका स्थळाचा पत्ता होता, आणि त्याचा धंदा रडत बसून चालणारा नव्हता. गाडीत तिघेच. रामलिंग मागच्या सीटवर तोंड फिरवून पडला आणि लोहा यायच्या आधी झोपला, किंवा झोपल्यासारखा राहिला.

अक्का पुढे बसल्या होत्या. लोह्यापर्यंत त्यांनी मुखेडवाल्यांना धारेवर धरलं. "कंडक्टर! तिकिटं फाडता फाडता माणसंसुद्धा फाडायला लागली. बरं झालं एका अर्थी. उद्या घरात हलगी वाजली असती. तो मामा, तो ताजमहाल, अरे माणसांना काही अभिरुची?" रस्त्याकडेची ज्वारी मागे जात राहिली. बोलण्याला ठेका द्यायला कोणी नसलं की अक्कांचाही दम संपे. अहमदपूर मागे पडलं तेव्हा मुखेडवाले संपले होते, आणि अक्कांच्या तुच्छतेला दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती शेजारच्या सीटवर वळली.

"आणि तू! शुंभासारखा बसलास. एवढी वर्षं माझ्या घरात सूर ऐकत वाढलास, आणि एक गाणं सांगता आलं नाही तुला? एक?"

"आलं असतं," उमाशंकर म्हणाला.

"मग?"

"तू समोर होतीस."

त्याने हे मागे पाहण्याच्या आरशात बघून, ट्रकला वाट देता देता म्हटलं. भांडण म्हणून म्हटलं असतं तर अक्कांनी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. पण तो नुसतं सांगत होता. या पोराला त्यांनी तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं. त्याला कुठली भाजी पचत नाही, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं त्यांना पाठ होतं. आणि त्याला एक गाणं आवडतं, हे त्यांना आज, एका कंडक्टरणीने नाकारल्यावर, कळत होतं. त्यांना लाज वाटली. ती कशी वाटते हे त्या विसरून गेल्या होत्या, त्यामुळे आधी ती छातीतली जळजळच वाटली.

"कोणतं रे?" त्यांनी विचारलं.

"जाऊ दे."

"सांग ना. मी काही म्हणणार नाही."

"आत्या, जाऊ दे. तुला नाही आवडायचं."

"नाही आवडलं तर नाही आवडलं. तू सांग."

संध्याकाळचं ऊन काचेवर आलं होतं, त्याने समोरची पट्टी खाली ओढली. मग गाणं सांगण्याऐवजी त्याने ते म्हणायलाच घेतलं. आधी ओठांतल्या ओठांत, मग हळूहळू मोकळं. कसलं तरी उडत्या चालीचं, जत्रेत पाळण्याजवळच्या कर्ण्यावर वाजतं तसलं, शब्दही तसलेच, तिखट भजी आणि लाल रिबिनीचे. अंगठा स्टिअरिंगवर ठेका धरत होता. अक्कांनी त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं. लातूरच्या अर्ध्या मुलींचे गळे त्यांनी तपासले होते, आणि या घरातला एक गळा त्यांच्या कानावर कधी आलाच नव्हता. आवाज भरदार होता, जरा खरखरीत, पण मोकळा. तो ध्रुवपद संपवून कडव्यात शिरला. मान किंचित हलत होती. तोंडावर एक हसू आलं होतं, मुखेडहून आल्यापासून दाढी करताना आरशापुढे येई तसलं. अक्का मांडीवरचा पदर मुठीत धरून ऐकत होत्या, आणि एक शब्दही बोलायचा नाही असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

कडव्याच्या दुसऱ्या ओळीला तो वर गेला.

"चढतोय," अक्का म्हणाल्या. "सूर चढतोय तुझा."

उमाशंकर थांबला.

"नाही, नाही, म्हण तू," अक्का घाईघाईने म्हणाल्या. "चांगलं म्हणत होतास. म्हण ना पुढं."

"झालं," तो म्हणाला. "तेवढंच येतं मला." आणि त्याने गिअर बदलला.